आजीच्या ट्रंकेतला नवा करार आणि मिशनच्या शाळा : तुमच्या घरात काय आठवणी आहेत?

कडुनिंब

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात नगरचं जुनं घर आवरत होतो. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक होती, त्यात एक नऊवारी, जपमाळ, हरिविजयाची पोथी आणि त्या पोथीखाली एक छोटा जाड पुठ्ठ्याचा मराठी नवा करार. आतल्या पानावर चिकटवलेली चिठ्ठी, ‘बक्षीस, इयत्ता ३ री’ आणि शाईने लिहिलेलं आजीचं माहेरचं नाव, खाली कुणाची तरी सही. मागच्या कोऱ्या पानांवर मात्र आजीच्याच अक्षरात दळणाचा हिशोब, जोंधळे इतके पायली, हरभरा इतका, शेजारच्या काकूंना उसने दिले ते परत आले, आणि प्रत्येक ओळीला तिथी घातलेली. आजी मिशनच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत गेली होती एवढं आम्हाला माहीत होतं, बक्षिसाचं कधी बोलली नाही.

माझा चुलतभाऊ म्हणाला रद्दीत टाक, हे लोक असंच पुस्तक हातात देऊन बाटवायचे. पुतणी म्हणाली, नाही गं आत्या, मिशनरी नसते तर आपल्यातल्या एकाही बाईला अक्षर कळलं नसतं, त्यांचे उपकार आहेत. मी दोघांशीही भांडले. कारण दोघांच्या बोलण्यात आजी कुठेच नाही. एकाच्या बोलण्यात ती फसलेली पोर, दुसरीच्या बोलण्यात उपकाराखाली वाकलेली पोर. माझी आजी यातली कुणीच नव्हती. ती चातुर्मासात वाड्यातल्या पंधरावीस बायकांना पांडवप्रताप वाचून दाखवायची, त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, आणि ते वाचन ती शिकली ते बायबलच्या तासाला.

नगरात अमेरिकन मिशन १८३१ ला आलं. सिंथिया फॅरार नावाच्या बाई, लग्न न केलेल्या, एकट्या, १८२७ ला मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ ला वारल्या. जोतिराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. हे सगळं आपल्या गावात घडलं आणि आम्हाला शाळेत एका ओळीतही शिकवलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर विचारायचं हे की तुमच्या घरातलं कुणी मिशनच्या शाळेत शिकलं असेल तर ते काय सांगायचे? शाळेत काय चालायचं, घरी काय चालायचं, दोन्ही सांगा.

सह्यकडा

धागा चांगला आहे पण सुरुवातच थोडी हळवी झालीय असं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. शाळा हे साधन होतं आणि धर्मांतर हे साध्य होतं, हे मिशनरी स्वतःच उघड लिहायचे, त्यात लपवण्यासारखं त्यांनाही काही वाटत नव्हतं. परदेशातून वर्गणी यायची ती मराठी व्याकरण शिकवायला नाही यायची.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले, १८३२ ला शाळा काढली, त्याचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांचा, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, १८३९ ला बाप्तिस्मा झाला. पारशी पंचायत कोर्टात गेली, शाळा रिकामी व्हायची वेळ आली. मग १८४३ ला नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा पोर, मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. बाराव्या वर्षी कसलं तत्त्वज्ञान कळतं हो? आईबाप कोर्टात गेले तेव्हा परत मिळाला.

आणि दुष्काळ. १८७६ ते ७८ चा घ्या नाहीतर छप्पन्नचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) घ्या, मिशनच्या अनाथालयात गेलेल्या पोरांना जेवण मिळालं, कपडा मिळाला, शाळा मिळाली, हे खरंच आहे आणि पोरं जगली याबद्दल कृतज्ञताच हवी. पण उपाशी पोराच्या होकाराला होकार म्हणायचं का? मला तरी ते जमत नाही.

माझी स्वतःची गोष्ट. मी आणि बहीण एका मिशनच्या शाळेत होतो, नाव घेत नाही. श्रावणात बहीण मेंदी लावून गेली म्हणून तिला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं, टिकली पुसायला लावली. ती सातवीत होती. आज पन्नाशीला आलीय, अजून तो दिवस सांगताना तिचा आवाज बदलतो.

पाटीपेन्सिल

सह्यकडा, तुमच्या बहिणीबरोबर झालं ते चूकच. पण बारा वर्षांच्या श्रीपतचं लिहिलंत तसं आणखी एका पोराचं लिहा. १८५६, धारवाड, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारी शाळा म्हणजे सगळ्या रयतेच्या पैशावर चालणारी. त्याला घेतलं नाही, का तर तो आला तर बाकीची मुलं उठून जातील. अर्ज वर सरकारपर्यंत गेला, सरकारनेही हात वर केले.

त्याच्याही आधी एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना त्याने लिहून ठेवलंय की मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी म्हणून मिळतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून, नाहीतर शिक्षण बाकीच्यांत पसरायचं नाही. म्हणजे सरकारची धर्मात न पडण्याची नीती आमच्यापर्यंत आली ती बंद दार होऊन. इंग्रज सरकार आणि मिशन एकच असं जे सरसकट बोललं जातं ना त्यांनी हे वाचावं.

आमच्या पणजोबांना दुसरीकडे बसायलाच जागा नव्हती. मिशनच्या शाळेत बसले, बायबल पाठ केलं, बाप्तिस्मा काही घेतला नाही, पुढे मिलमध्ये जॉबर (मुकादम) झाले आणि चाळीत लोकांची पत्रं लिहून द्यायचे. अट होती का? होती. पण जिथे अट नव्हती तिथे दार पण नव्हतं.

मुक्ता साळवे हे नाव इथे आलंच पाहिजे. मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेतली, तिने मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ ला छापला कुणी तर मिशनच्या ज्ञानोदय या नियतकालिकाने. शाळा फुल्यांची, लेखणी तिची, छापखाना मिशनचा. यातलं एक जरी काढलं तर तो निबंध आपल्यापर्यंत येत नाही.

जुनी पेठ

पाटीपेन्सिल, शेवटचं वाक्य फार आवडलं. फुल्यांबद्दल थोडी भर. ते स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४१ ते ४७. मिशनऱ्यांबद्दल आदराने लिहीत राहिले, त्यांच्या मुलींच्या वसतिगृहशाळेत काही वर्षं शिकवलंही, पण बाप्तिस्मा घेतला नाही, १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. आणि १८८२ ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे सरकारला सुनावलं की कर भरतो शेतकरी आणि तुम्ही शाळा काढता वरच्यांसाठी, बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस इंग्रजांच्याच कमिशनसमोर असं बोलतो, त्याला बाटलेला म्हणणार की मिंधा म्हणणार?

पुण्याचं प्रकरण सांगायचंच तर चहाचं. १४ ऑक्टोबर १८९०, पंचहौद मिशन. व्याख्यानाला पुण्यातली चाळीसच्या वर बडी मंडळी गेली, त्यात रानडे आणि टिळक दोघेही. व्याख्यान झाल्यावर चहाबिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि मग जे ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) उठलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. घराघरात वाद, श्राद्धाला भटजी येईनात, लेकी माहेरी यायच्या बंद झाल्या. शेवटी रानडे, टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. एक कप चहा! आणि त्याच पुण्यातल्या त्याच घरांतली मुलं इंग्रजी शिकायला मिशनच्या शाळेत जात होती, त्याला कुणी प्रायश्चित्त मागितलं नव्हतं. विद्या घेतली तर चालते, पाणी घेतलं तर नाही, अशी रेघ होती. माझे पणजोबा शाळेतून आले की अंगणातच कपडे उतरवून अंघोळ करायचे आणि मगच घरात यायचे, असं आमच्याकडे सांगतात. रोज! थंडीतसुद्धा!

शारदा सदन या विधवांच्या शाळेबद्दल पण लिहिलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. रमाबाई स्वतः १८८३ ला इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या पण इथे धर्म शिकवणार नाही असं सांगितलं होतं म्हणून रानडे, भांडारकर सल्लागार झाले. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसायला लागल्या, केसरीने झोड उठवली, १८९३ ला सल्लागारांनी राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. मला यात दोन्ही बाजूंचं खरं वाटतं. दार उघडं ठेवून प्रार्थना करायची आणि पोरी आपणहून आल्या म्हणायचं, ज्या पोरींना जगात दुसरं कुणी नाही त्यांच्या बाबतीत हे इतकं सरळ नसतं. पण केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या त्या बालविधवांना त्याआधी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न रमाबाईंच्या टीकाकारांना कुणी विचारला नाही.

त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने हिंदू धर्म सोडला नाही, १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, ती आनंदीबाई कर्वे. आणि कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला. स्त्रीशिक्षणाची आपली जी मोठी परंपरा आहे तिच्या मुळाशी शारदा सदनाच्या पायऱ्या चढलेली ही बाई आहे.

कडुनिंब

जुनी पेठ, अंगणातल्या अंघोळीची गोष्ट वाचून आईला फोन केला. आई म्हणाली तुझ्या आजीलाही शाळेतून आल्यावर परकर बदलायला लावायचे, आणि पाटी गोमूत्र शिंपडून आत घ्यायचे. पण शाळा बंद केली नाही. तिच्या वडिलांना नक्की काय पाहिजे होतं ते त्यांना माहीत होतं, आणि काय नको होतं तेही.

सह्यकडा, रागावले नाही. दुष्काळातल्या पोरांचं तुम्ही लिहिलंत ते मला रात्रभर पुरलं. उपाशी पोराचा होकार हा होकार नाही, मान्य. मी यावर काही पण-बिण लावत नाही. फक्त ईस्ट इंडिया कंपनी आणि मिशन यांच्याबद्दल एक. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला आले तेव्हा कंपनीने त्यांना परत जायचा हुकूम दिला होता. व्यापाराला बाधा नको, लोक बिथरायला नकोत एवढाच हिशोब. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट झाली आणि शिक्षणासाठी वर्षाला १ लाख रुपये काढायचं ठरलं. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मिशनच्या शाळांनाही सरकारी अनुदान मिळायला लागलं. म्हणजे एक नव्हेत पण राज्याच्या सावलीत तर होतेच. गोरा माणूस पाटलासमोर खुर्चीवर बसून देवाबद्दल बोलतो तेव्हा पाटलाला त्याच्यामागे कलेक्टर दिसतोच, तो नसला तरी.

खिळेजुळारी

छापखान्यात हयात गेली म्हणून थोडं आमच्या धंद्याचं. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला १८१७ च्या सुमाराला, धर्माची पत्रकं छापायला. त्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी. त्यांनी स्वतःचा शिळाछाप (दगडावरून छापायचा छापखाना) काढला आणि १८३१ ला काय छापलं तर पंचांग! सोवळ्याची माणसं छापलेलं पुस्तक हातात घ्यायला तयार नव्हती, शाईत चरबी असते म्हणून, तर त्यांनी तुपातली शाई केली असं आम्ही जुन्या लोकांकडून ऐकत आलो.

नंतर जावजी दादाजी. गरीब घरचा पोर, लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात कामाला. पुढे त्यांचं निर्णयसागर. देवनागरीचे असे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडले की वेद, काव्यं, शास्त्रं सगळ्या देशात निर्णयसागरच्या प्रतीवरून वाचली जायची. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे फोरमन निर्णयसागरचं जुनं पान भिंगाखाली धरून दाखवायचे, बघ जोडाक्षर कुठे तुटलेलं दिसतंय का.

यात मिशनचं श्रेय किती आणि जावजींचं किती ते ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणेन खिळा ओतणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

रविवारची घंटा

मी मराठी ख्रिस्ती आहे, चार पिढ्या. असे धागे दिसले की सहसा गप्प बसते कारण आमच्याबद्दल बोलणं चालू असतं, आमच्याशी नाही. इथे सूर बरा वाटला म्हणून लिहितेय.

आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात, लग्नात हळद लागते, मंडळीत पेटी तबल्यावर भजनं होतात. नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले ते ज्ञानोबा तुकोबांना बरोबर घेऊनच. इंग्रजी चालीची भाषांतरित गाणी मराठी गळ्यात बसत नाहीत म्हणून त्यांनी अभंग, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. शेवटी शेवटी तर मिशनच्या चौकटीबाहेर पडून १९१७ ला देवाचा दरबार काढला, परदेशी मिशनच्या पैशावर आणि हुकमावर चालणारी ख्रिस्ती मंडळी त्यांना नको होती. साहेबाशी भांडण आमच्याही घरात झालंय, हे कुणी लक्षात घेत नाही. आणि लक्ष्मीबाईंनी नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं जे भोगलं, मग स्वतःच्या पायाने चालत स्वतःच्या निर्णयाला पोचल्या, ते वाचलं तर धर्मांतर म्हणजे तांदळाच्या पोत्यावर अंगठा एवढं सोपं नसतं हे कळतं.

सह्यकडा, तुमच्या बहिणीचं वाचून मला लाज वाटली. माझ्या आजीने चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलं, ती असती तर तिने त्या बाईंना सोडलं नसतं. पण मलाही शाळेत ‘तू कधी बाटलीस’ असं विचारलंय, आणि गेल्याच वर्षी भाड्याने घर बघताना आडनाव ऐकून घर दिलं नाही. आमच्यावर रोज १८४३ चा हिशोब निघतो, आम्ही तर तेव्हा गावकुसाबाहेर होतो, मिशनच्या आधीही आणि नंतरही.

अजून एक, कडुनिंबताई. मिशनरी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गोरी मडम येते. वर्गात रोज बाराखडी घोटून घेणाऱ्या बहुतेक आमच्या बायका असायच्या, मराठी ख्रिस्ती, नऊवारी नेसणाऱ्या. त्यांची नावं कुठेही नाहीत. त्या चिठ्ठीवरची सही कुणाची आहे ते बघाल का?

सह्यकडा

रविवारची घंटा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. घर नाकारणं हे नीचपणाचं आहे, त्याला मी इतिहासाचा आधार देणार नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्याशी भांडेन. हेही मान्य की हिंदू समाज त्या काळी हात चोळत बसला नव्हता. विष्णुबाबा ब्रह्मचारी १८५७ ला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर भर गर्दीत मिशनऱ्यांशी वाद घालत होते, त्याआधी १८३१ ला मोरभट दांडेकर विल्सनसमोर उभे राहिले होते. समोरासमोर, नाव घेऊन, ग्रंथ काढून. आणि श्रीपतला परत घ्यायला बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले तर त्यांनाच आपल्या लोकांनी वाळीत टाकायला कमी केलं नाही. आपलं पोर परत घ्यायची आपलीच तयारी नव्हती. हे मला मिशनऱ्यांच्या रागापेक्षा जास्त लागतं.

पण आजच्या शाळांबद्दल माझं म्हणणं सोडत नाही. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क देतं, तो असलाच पाहिजे. त्याच घटनेत कलम २८ पण आहे, सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. किती पालकांना हे माहितीय? मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आपण फॉर्म न वाचता सही करतो.

पाटीपेन्सिल

कलम २८ बद्दल सहमत, फक्त ते सगळ्या शाळांना लागू आहे, कुठल्याही धर्माच्या प्रार्थनेला.

सह्यकडा

हो, सगळ्या. तसंच म्हणायचं होतं.

खिळेजुळारी

कडुनिंब, पुस्तकात डांबरगोळ्या ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, पान घाम धरतं. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, आडवं ठेवा. चिठ्ठी सुटत असेल तर फेव्हिकॉल लावू नका, तशीच राहू द्या.

कडुनिंब

काका, धन्यवाद, आजीच्याच नऊवारीचा तुकडा घेतलाय.

रविवारची घंटा, काल दुपारी गच्चीत उन्हाला तिरकं धरून बघितलं. पुतणीने मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला, चुलतभाऊसुद्धा चष्मा लावून बसला होता, त्यानेच शेवटी वाचलं. सही मोडीत आहे, शाई उडालीय. आडनाव लागत नाही. पहिलं अक्षर सा असावं, मधलं नाही कळत, आणि शेवटी ‘बाई’, तेवढं स्पष्ट आहे.